दोरी ओढली की कोण येतं : फ्रीमॉंटच्या कारखान्याची केस

चाकणच्या एका कंपनीत मी लाईनला होतो तेव्हाची गोष्ट, कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्या असेंब्ली लाईनवर डोक्याच्या वर एक पिवळी दोरी होती, अँडन म्हणतात तिला, काही प्रॉब्लेम दिसला की ओढायची, दिवा लागतो, लाईन थांबते. इंडक्शनच्या दिवशी प्रत्येक नव्या पोराला ती दाखवायचे. तर परभणीकडचा एक पोरगा होता, ठेकेदाराचा, विशीतला, त्याच्या हाताखालून दरवाज्याचं एक पॅनल गेलं, त्याची क्लिप नीट बसली नव्हती आणि ते त्याला दिसलं होतं. मी मागच्या स्टेशनवरून, म्हणजे लाईनवरच्या मागच्या कामाच्या जागेवरून, बघत होतो. त्याने दोरीकडे बघितलं, मग सुपरवायझरच्या टेबलाकडे बघितलं आणि पॅनल जाऊ दिलं. जेवणाच्या सुट्टीत विचारलं तर म्हणाला, "सर, मागच्या आठवड्यात ओढली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं, लाईन चार मिनिटं का थांबली म्हणून. आता कोण ओढतंय?"

त्याच कंपनीत दरवर्षी कर्मचारी समाधानाचा सर्व्हे व्हायचा. कॅन्टीन कसं आहे, बस वेळेवर येते का, युनिफॉर्म बरोबर मिळाला का, पाचपैकी मार्क द्या. मार्क चांगले पडायचे. कॅन्टीन खरंच चांगलं होतं. पण दोरी ओढल्यावर काय होतं हे त्या फॉर्मवर कधी विचारलं नव्हतं, आणि त्या पोराचं कामात मन लागणं न लागणं सगळं त्या एका गोष्टीवर ठरलेलं होतं. तेव्हापासून मी जी केस पुन्हा पुन्हा वाचत आलोय ती इथे सविस्तर लिहितोय. अमेरिकेतली आहे, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंट गावची, जुनीही आहे, पण कामाच्या जागेची परिस्थिती बदलली की तीच माणसं किती वेगळी वागतात हे इतकं स्वच्छ दाखवणारी दुसरी केस मला माहीत नाही.

जुना कारखाना

जनरल मोटर्सचा म्हणजे जीएमचा हा कारखाना साठच्या दशकाच्या सुरुवातीला चालू झाला, १९७८ च्या सुमारास तिथे ७,२०० माणसं होती, म्हणजे लहानसहान युनिट नव्हतं. आणि जीएमच्या सगळ्या कारखान्यांत याचं नाव सगळ्यात खराब. गैरहजेरी २० टक्क्यांच्या वर. याचा अर्थ काय होतो ते शिफ्ट चालवलेल्या माणसालाच कळेल, पाच स्टेशनपैकी एक रिकामं, आणि सोमवारी सकाळी तर लाईन चालू करायला पुरेशी माणसं नसायची, मग बदली माणसं कुठून कुठून गोळा करायची. पगार कमी होता म्हणून असं होतं का, तर नाही, अमेरिकेत कारखान्यातल्या कामगाराला मिळणारा उत्तम पगार या लोकांना होता, युनायटेड ऑटो वर्कर्स ही तगडी युनियन पाठीशी होती, मेडिकल होतं, पेन्शन होती. तरी माणसं कामावर येत नव्हती, आलेली दारू पिऊन येत होती, जुन्या कामगारांनी पुढे स्वतःच हे रेडिओवर सांगितलंय. दरवाज्याच्या पॅनलमध्ये कोकची बाटली टाकून द्यायची म्हणजे गाडी घेणाऱ्याला आयुष्यभर खडखड ऐकू येईल, असले प्रकार चालायचे. मॅनेजमेंटवर सूड, आणि सूड घ्यायला हातात होती फक्त गाडी.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक नियम होता, लाईन थांबवायची नाही. काहीही झालं तरी. चुकीचं इंजिन बसलं, बोल्ट राहिला, दरवाजा उलटा लागला, गाडी पुढे जाऊ द्या, मागच्या यार्डात दुरुस्तीवाले बघतील. मॅनेजरचं मोजमाप गाड्यांच्या आकड्यावर, आकडा म्हणजे लाईन चालू असणं. ज्या कामगाराला आपल्या डोळ्यासमोर चुकीची गाडी जाताना दिसते आणि त्याला रोज सांगितलं जातं की तुझं काम बोल्ट आवळणं आहे, बघणं नाही, तो किती दिवस बघेल? महिनाभर बघेल, मग बघणं सोडून देईल. मला वाटतं तिथली दारू आणि दांड्या या सगळ्याची सुरुवात इथून होते, माणसाला त्याच्या हातातल्या कामाबद्दल बोलायची बंदी केली की.

युनियन आणि कंपनीत उभा दावा. तक्रारींची लेखी प्रकरणं हजारोंनी साचलेली. कामाचे प्रकार ८० च्या वर, म्हणजे एका प्रकारच्या माणसाने दुसऱ्या प्रकारचं काम केलं की लगेच तक्रार. न सांगता केलेले संप होते, सगळ्यांनी मिळून आजारी पडणं होतं. शेवटी मार्च १९८२ मध्ये जीएमने टाळं लावलं. हजारो घरं बसली.

परत कोणाला घेतलं

टोयोटाला त्या काळात अमेरिकेत कारखाना पाहिजे होता, कारण जपानी गाड्यांच्या आयातीवर १९८१ पासून मर्यादा आली होती, आणि अमेरिकन कामगार, अमेरिकन युनियन यांच्याबरोबर आपली पद्धत चालते का हे त्यांना बघायचं होतं. जीएमला छोटी गाडी फायद्यात कशी बनवायची हे शिकायचं होतं. फेब्रुवारी १९८३ मध्ये निम्म्या-निम्म्या भागीदारीचा करार जाहीर झाला, कारखाना जीएमचा, चालवायचा टोयोटाने. नाव ठेवलं न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग, सगळे त्याला न्यूमी म्हणायचे. पहिले अध्यक्ष तात्सुरो टोयोडा, मूळ घराण्यातलेच.

आता यातला सगळ्यात अवघड प्रश्न, माणसं कुठून घ्यायची. कुठल्याही एचआरवाल्याला विचारा, तो म्हणेल या जुन्या लोकांना गेटच्या आत घेऊ नका, दूर कुठेतरी नवीन पोरं भरा. टोयोटालाही धास्ती होतीच. पण युनियन जुन्या माणसांसाठी अडून बसली, अमेरिकेचे माजी कामगार मंत्री विल्यम युझरी मध्यस्थीला होते, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये टोयोटाने युनियनला मान्यता द्यायचं आणि जुन्या कामगारांतून भरती करायचं कबूल केलं. भरती डोळे झाकून नव्हती, तीन दिवस चालायची, मुलाखत, लेखी परीक्षा, गटात बसून चर्चा, लाईनसारखं काम करून दाखवणं, आणि घेणाऱ्यांत मॅनेजरबरोबर युनियनची माणसंही बसायची. पण निकाल असा की सुरुवातीच्या साधारण २,२०० कामगारांपैकी ८५ टक्के जुन्याच फ्रीमॉंटचे निघाले. ज्यांनी पूर्वी कंपनीशी भांडणं केली ते युनियनचे पुढारीसुद्धा आत आले.

म्हणजे शेड तीच, माणसं बहुतेक तीच, युनियन तीच आणि पगारही इतर मोटार कारखान्यांतल्या युनियनच्या दरानेच. डिसेंबर १९८४ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली, पिवळी शेव्हरोले नोव्हा, आतून टोयोटा कोरोलाची बहीण. आणि दोनेक वर्षांत गैरहजेरी ३ ते ४ टक्क्यांवर आली होती.

जपानचे तीन आठवडे

लाईन सुरू व्हायच्या आधी टीम लीडर आणि ग्रुप लीडर अशा साडेचारशेच्या आसपास लोकांना तुकड्या-तुकड्यांनी जपानला नेलं, टोयोटा शहरातल्या टाकाओका कारखान्यात, तीन आठवडे. वर्गात बसवून व्याख्यानं थोडी झाली, बाकी वेळ लाईनवर उभं केलं, शेजारी एक जपानी कामगार. यातले कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर गेलेले.

त्यांच्यापैकी अनेकांनी नंतर सांगितलेली एकच गोष्ट आहे, मला ती फार महत्त्वाची वाटते. आपण कामात मागे पडलो तर कोणीतरी येतं आणि विचारतं, मदत करू का. बस एवढंच. वीस-वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसांना हे कामाच्या जागेवर कोणी कधी विचारलं नव्हतं. आणि एखादं टूल हाताला नीट बसत नाही, त्यात असा बदल पाहिजे असं म्हटलं तर खरंच ते बदलून आणून देतात, त्याच शिफ्टमध्ये. निरोपाच्या वेळी ही दणकट माणसं जपान्यांच्या गळ्यात पडून रडली असं सांगतात. मी यात काही भाबडेपणा बघत नाही. ज्याला रोज नुसते हात समजून वागवलं त्याला कोणी माणूस म्हणून विचारलं तर तो रडणारच.

बदललं काय काय

आता मुख्य भाग. दोरी. न्यूमीमध्ये प्रत्येक कामगाराच्या हाताशी दोरी होती. अडचण आली की ओढायची, दिवा लागतो, सूर वाजतो, टीम लीडर धावत येतो, आणि तो येऊन पहिल्यांदा म्हणतो, सांगितलंस ते बरं केलंस. गाडी त्या स्टेशनच्या हद्दीच्या शेवटापर्यंत पोचायच्या आत दोघांनी मिळून काम उरकलं तर परत ओढायची, लाईन थांबतच नाही. नाही उरकलं तर थांबते. जॉन शूक म्हणून एक अमेरिकन टोयोटात होते, या ट्रेनिंगच्या कामातलेच, त्यांनी नंतर लिहिलंय की लोकांचे विचार आधी बदलायच्या मागे कोणी लागलं नाही, वागायची पद्धत बदलून दिली, मग विचार आपोआप बदलले. मला हे शंभर टक्के पटतं. आपल्याकडे आधी दोन दिवसांचं मोटिव्हेशनल सेशन, लोणावळ्याला रिसॉर्ट, टाळ्या, ग्रुप फोटो आणि सोमवारी परत लाईनवर तोच सुपरवायझर तोच आरडाओरडा. उलट करायला पाहिजे.

दोरीच्या मागे एक हिशोब आहे तोही समजून घ्या. टीम चार-सहा जणांची आणि टीम लीडर मोकळा, त्याच्याकडे स्वतःचं ठरलेलं स्टेशन नाही. म्हणून तो येऊ शकतो. आमच्याकडे एका सुपरवायझरच्या खाली चाळीस पोरं, वरून त्यालाच दोन स्टेशनवर उभं राहायचं, तो कुठून मदतीला येणार, तो आला तर चिडलेलाच येणार. दोरी विकत घ्यायला काही हजार लागतात, मोकळा टीम लीडर ठेवायला दर महिन्याचा पगार लागतो, आणि बहुतेक कंपन्या पहिलं घेतात, दुसरं घेत नाहीत.

दुसरी गोष्ट थोडी विचित्र वाटेल. स्टॉपवॉच. जुन्या जीएममध्ये इंडस्ट्रियल इंजिनीअर स्टॉपवॉच घेऊन यायचा आणि कामगार मुद्दाम हळू काम करून दाखवायचे, सगळीकडे असंच होतं, आपल्याकडेही टाइम स्टडीवाला आला की पोरं एकमेकांना खुणा करतात. न्यूमीत ते इंजिनीअर गेले आणि स्टॉपवॉच कामगारांच्या हातात दिलं. टीमनेच एकमेकांचं काम मोजायचं, सगळ्यात सोपी आणि सुरक्षित पद्धत शोधायची, कागदावर लिहायची, दुसऱ्या शिफ्टच्या टीमशी बसून जुळवायची, मग ती सगळ्यांची पद्धत. काम तेच, मिनिटाला एक गाडी, तेच तेच हात हलवणं, त्यात काही कविता नाही. पॉल अ‍ॅडलर नावाच्या प्राध्यापकाने या कारखान्याचा अभ्यास करून १९९३ मध्ये लिहिलं त्याचा गाभा हाच आहे, की काटेकोर शिस्त आणि एकसुरी काम असूनही माणूस कामात रमू शकतो, जर ती शिस्त त्याने स्वतः लिहिलेली असेल आणि उद्या त्याला ती बदलता येत असेल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या लाईनवरची लॅमिनेट केलेली वर्क इन्स्ट्रक्शन जाऊन बघितली, खाली तयार करणाऱ्याची सही होती, ऑफिसातल्या एका इंजिनीअरची, ज्याने ते काम स्वतः कधी केलेलं नव्हतं. पोरं त्या कागदाकडे बघायचीसुद्धा नाहीत.

सूचना पेटीचं तर काय सांगायचं, ती सगळीकडे असते. न्यूमीत १९८६ मध्ये २६ टक्के कामगार सूचना देत होते, १९९१ मध्ये ९२ टक्के, त्या वर्षी दहा हजारांवर सूचना आल्या आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त अमलात आल्या. शेवटचा आकडा बघा. सूचना अमलात येते हे दिसलं म्हणून पुढची सूचना येते. आमच्या पेटीला कुलूप होतं आणि किल्ली कोणाकडे आहे हे एचआरलाही माहीत नव्हतं.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. कामाचे ८० प्रकार जाऊन उत्पादनाचा एकच प्रकार आणि कुशल कारागिरांचे दोन. साहेबांची वेगळी पार्किंग बंद, वेगळी कॅन्टीन बंद, टाय बंद, सगळे एकाच रांगेत ताट घेऊन उभे. हे सगळं फोटोत छान दिसतं म्हणून पुढे अनेक कंपन्यांनी एवढंच उचललं. उपयोग आहे त्याचा, नाही असं नाही, पण मोकळा टीम लीडर नसेल तर एका कॅन्टीनने काही होत नाही.

नोकरीची हमी

आणि आता ती गोष्ट जिच्याशिवाय वरचं सगळं कोसळलं असतं. युनियनबरोबरच्या १९८५ च्या करारात कंपनीने लिहून दिलं की कंपनीच्या अस्तित्वावरच बेतेल असं आर्थिक संकट आल्याशिवाय आम्ही कोणाला कामावरून कमी करणार नाही, आणि तसं आलंच तर आधी मॅनेजरांचे पगार कापू, बाहेर दिलेली कामं परत आत आणू, मग शेवटी कामगारांकडे बघू. क्रम बघा, आधी वरचे.

सुधारणा सुचवणं म्हणजे बहुतेक वेळा काय असतं, की जे काम चार माणसं करतात ते तीन करू शकतील. कामगार मूर्ख नसतो. चौथ्याचं काय होणार हे त्याला पहिल्या दिवशी कळतं, आणि तो चौथा कधी कधी त्याचा मेव्हणा असतो. हमी नसेल तर तो सूचना गिळून टाकेल, आणि ते बरोबरच आहे.

ही हमी कागदावरची होती की खरी, हे बघायची वेळ १९८७-८८ मध्ये आली. नोव्हाची विक्री पडली, कारखाना क्षमतेच्या ६० टक्क्यांच्या खाली चालत होता. जुन्या जीएममध्ये अशा वेळी काय व्हायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, चिठ्ठी हातात आणि घरी. यावेळी एकाही माणसाला कमी केलं नाही. लाईनचा वेग कमी केला, मोकळ्या झालेल्या लोकांना ट्रेनिंगला बसवलं, सुधारणांच्या गटात टाकलं, बाहेर दिलेली कामं आत आणली. माझ्या मते न्यूमीची खरी सुरुवात १९८४ च्या पिवळ्या गाडीपासून नाही, या मंदीपासून धरली पाहिजे, कारण तोपर्यंत जुन्या लोकांपैकी अनेकजण वाट बघत असणार, की यांचा मुखवटा कधी उतरतो.

परिणामांचे आकडे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मोटार उद्योगाच्या अभ्यासात आलेत. एक गाडी जोडायला जीएमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात ३१ तास लागायचे, टाकाओकात १६ आणि न्यूमीत १९. शंभर गाड्यांमागे दोष फ्रेमिंगहॅममध्ये १३५, टाकाओकात ४५, न्यूमीतही ४५. काही वर्षांपूर्वी बाटल्या टाकणारे हात जपानच्या बरोबरीची गाडी बनवत होते. आणि समाधानाचे सर्व्हे तिथेही व्हायचे, १९९१ पर्यंत ९० टक्क्यांहून जास्त लोक समाधानी किंवा खूप समाधानी असं सांगत होते.

दुसरी बाजू

इथे थांबलो तर खोटं लिहिल्यासारखं होईल. जुन्या जीएममध्ये कामगार मिनिटातली साधारण ४५ सेकंद प्रत्यक्ष काम करायचा, न्यूमीत ५७. मिनिटाला बारा सेकंद जास्तीचा घाम, दिवसभर, वर्षानुवर्षं. लाईनवर उभं राहून बघा म्हणजे बारा सेकंद किती मोठी असतात कळतं, तेवढ्यात पाणी पिता येतं, पाठ सरळ करता येते, शेजाऱ्याला काहीतरी बोलता येतं. अमेरिकेतल्या कामगार चळवळीतल्या लोकांनी याला ताणाने चालवलेला कारखाना म्हणून नाव ठेवलं, आणि न्यूमीच्या युनियनमध्येच पीपल्स कॉकस नावाचा गट उभा राहिला जो म्हणायचा की युनियन कंपनीच्या फार जवळ गेलीय. त्यांचं चुकीचं होतं असं मला वाटत नाही.

१९९३ चं मॉडेल आणताना हे उघड्यावर आलं. नवीन गाडी घाईत लाईनवर घेतली, हाता-खांद्याच्या दुखापती वाढल्या आणि कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा खात्याने न्यूमीवर कारवाई केली. ज्या कारखान्यात कामगाराचं ऐकतात म्हणून जगभर नाव, तिथे कामगार खांदा दुखतो म्हणत होते आणि मॉडेल बदलाच्या धांदलीत ते ऐकलं गेलं नव्हतं. पुढच्या मोठ्या मॉडेल बदलाच्या वेळी, १९९५ च्या ट्रकसाठी, डिझाइनच्या टप्प्यापासूनच या गोष्टी बघितल्या आणि अनुभव बराच सुधारला. ऐकायची सवय एकदा लावली की कायमची राहते असं नाही, कामाचा रेटा आला की पहिल्यांदा तीच सुटते.

आणि नक्कल. जीएमने आपले निवडक मॅनेजर शिकायला न्यूमीत पाठवले होते, ते परत गेले आणि त्यांना काय करायचं कोणी ठरवलंच नव्हतं. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस कारखान्यात जीएमने टीमची पद्धत आणायचा प्रयत्न केला. तिथे युनियनमध्ये दोन तट, एकाला ही ज्येष्ठतेचे हक्क काढून घ्यायची चाल वाटली, आणि तिथल्या लोकांना जपानचे तीन आठवडेही मिळाले नव्हते, नोकरीच्या हमीऐवजी डोक्यावर कारखाना बंद व्हायची तलवार होती. वरच्या मॅनेजरांचा हिशोब अजून गाड्यांच्या संख्येवरच. १९९२ मध्ये तो कारखाना बंदच झाला. भीती दाखवून मागितलेलं सहकार्य आणि हमी देऊन मागितलेलं सहकार्य यात फरक असतो, आणि कामगाराला तो वासावरून कळतो.

आपल्याजवळचं उदाहरण बघायचं तर बंगळुरूजवळ बिडदीला टोयोटाचा किर्लोस्करांबरोबरचा कारखाना आहे, तीच टोयोटा, तेच शब्द, तीच दोरी, आणि तिथे २००६ मध्ये, २०१४ मध्ये आणि परत नोव्हेंबर २०२० मध्ये टाळेबंदीपर्यंत वाद गेले, शेवटच्या वेळी कामगारांची मुख्य तक्रार कामाच्या बोज्याचीच होती. म्हणजे टोयोटाच्या नावात जादू नाही. आणि जीएमचा तळेगावचा कारखाना तर आमच्या डोळ्यांसमोरचा, २००८ ला सुरू झाला, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद, कामगार महिनोन्महिने कोर्टकचेरी आणि आंदोलनात, आता तो ह्युंदाईकडे आहे. तळेगाव स्टेशनला त्या काळात जी माणसं भेटायची त्यांच्याशी बोलताना मोटिव्हेशन हा शब्द तोंडातून काढायची हिंमत व्हायची नाही.

न्यूमीचाही शेवट तसाच. २००९ ला जीएम दिवाळखोरीत गेली आणि भागीदारीतून बाहेर पडली, टोयोटाने एकट्याने चालवायचं नाकारलं, आणि १ एप्रिल २०१० ला शेवटची गाडी, एक कोरोला, बाहेर पडली. जवळजवळ ४,७०० लोकांची नोकरी गेली. पंचवीस वर्षांत सुमारे ८० लाख गाड्या बनवणारा हा कारखाना त्याच वर्षी टेस्लाने ४ कोटी २० लाख डॉलरला घेतला. ज्यांनी १९८२ ला एकदा टाळं बघितलं होतं त्यातले काहीजण दुसऱ्यांदा बघत होते. करारातलं ते संकटाचं वाक्य शेवटी खरं ठरलं, आणि यात लाईनवरच्या माणसाची चूक काही नव्हती.

परत चाकण

क्लिपच्या त्या प्रसंगानंतर वर्षभराने मला शिफ्ट चालवायला मिळाली. मी फार काही करू शकत नव्हतो, मोकळा टीम लीडर मागितला तो मिळाला नाही, मग दोन अनुभवी पोरांची स्टेशनं इतरांत वाटून, सगळ्यांना विचारून, एकाला अर्धी शिफ्ट मोकळं ठेवलं. सकाळच्या मीटिंगला कोणाचं नाव घ्यायचं नाही, दोरी ओढली तर मी किंवा तो जायचा आणि पहिला प्रश्न 'काय झालं' एवढाच. पहिले दोन आठवडे कोणीच ओढली नाही. मग एकाने ओढली, खरं तर किरकोळ कारण होतं, मला वाटतं तो आम्हाला तपासत होता. आम्ही पळत गेलो. त्यानंतर ओढायला लागले, इतकं की वरून फोन आला तुझ्या लाईनचं थांबणं वाढलंय म्हणून, आणि मी रिवर्कचा, म्हणजे दोष निघाल्यावर परत कराव्या लागणाऱ्या कामाचा, आकडा समोर ठेवला तो कमी झाला होता, म्हणून वाचलो. वर्क इन्स्ट्रक्शनचे तीन कागद पोरांनी स्वतः नवे लिहिले, त्यातला एक तर परभणीच्या त्याच पोराने, क्लिप आधी बसवून मग पॅनल दाबायचं, उलट क्रम. त्या स्टेशनचा तो दोष जवळपास संपला.

कागदावर तयार करणाऱ्याचं नाव म्हणून मी त्याचं नाव टाकायला लावलं. तो त्याचा मोबाईलवर फोटो काढून गावी पाठवायला गेला तर सिक्युरिटीने अडवलं, आत फोटोला बंदी आहे. मग मी एक प्रिंट घडी करून त्याला दिली.

त्याच्या सूचनेमुळे त्या स्टेशनवर काही सेकंद वाचली, पुढच्या स्टेशनवरही थोडी, आणि वरच्या लोकांनी हिशोब करून दोन्ही मिळून एक माणूस कमी केला. मी भांडलो, लेखी दिलं, न्यूमीच्या १९८८ चं उदाहरणसुद्धा दिलं. उत्तर आलं की ठेकेदाराची माणसं आपल्या रोलवर नाहीत, हमीचा प्रश्न येत नाही. कोणाला काढायचं हे ज्येष्ठतेने ठरलं, आणि त्या दोन स्टेशनवर सगळ्यात नवा तोच होता. नोव्हेंबरात त्याला ब्रेक दिला, म्हणजे कामावरून कमी केलं. तो कागद अजून त्या स्टेशनवर लावलेला आहे, खाली त्याचं नाव आहे, आणि नवीन आलेली पोरं त्यावरूनच काम शिकतात.